जिग फिरत होता : इनलाइन रीलचं एक अख्खं प्रकरण

मी मिनेसोटात राहतो, ट्विन सिटीजजवळ, आणि बर्फावर मासे गरवायचा हा माझा चौथा हिवाळा. हे प्रकरण जानेवारीतलं आहे, मिनेटोंका तळ्याच्या एका बे मधलं. ते सगळं लिहून काढतोय कारण माझे तीन वीकेंड ज्यात गेले ती गोष्ट समजल्यावर अर्ध्या तासात सुटली, आणि ती समजली ते दुकानातून नाही, माझ्या बाबांकडून. बाबा तेव्हा इथे आले होते, सिंधुदुर्गात खाडीकाठी सगळं आयुष्य गेलेलं, गरी आणि तंगूस (मासे गरवायचा नायलॉनचा दोरा) हातात धरून मोठे झालेले, पण गोठलेलं तळं आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तळं गोठलं की ऑगरने (बर्फाच्या गिरमिटाने) सहा-आठ इंचाचं भोक पाडायचं, वर छोटा तंबू, आत हीटर (तंबूची खिडकी थोडी उघडी ठेवून, हीटरचा गॅस कोंडला तर जीवावर बेततं), आणि हातात अडीच फुटाचा रॉड, त्यावर लाइन गुंडाळायचं रील आणि लाइनच्या टोकाला जिग, म्हणजे धातूचा मणी बसवलेला छोटा गळ. लांब फेकणं हा प्रकारच नाही, जे काय आहे ते सरळ खाली. राज्याच्या डीएनआरचा (नैसर्गिक संसाधन खात्याचा) नियम असा की चालत जायला स्वच्छ, नवा, कडक बर्फ किमान ४ इंच हवा, पांढरा भुसभुशीत असेल तर त्याच्या दुप्पट. आम्ही गेलो तेव्हा ११ इंच होता, तरी दर थोड्या अंतरावर मी टोचून बघत होतो आणि बाबा माझ्या पावलावर पाऊल टाकून येत होते. त्यांच्यासाठी ७२ तासांचं नॉन-रेसिडेंट लायसन्स काढलं होतं, दर वेळी नवीन काढावं लागलं.

आता मूळ भानगड. पाणी ३० फूट खोल, क्रॅपी (आम्ही गरवत होतो ते मासे) तळापासून पाचेक फूट वर तरंगत होते, म्हणजे जिग २५ फुटांवर धरायचा. माझ्याकडे २८ इंची अल्ट्रालाइट रॉड, ५०० साइजचं छोटं स्पिनिंग रील, २ पाउंडाची मोनो लाइन (म्हणजे दोन पाउंड ताण सोसणारा नायलॉनचा तंगूस) आणि ४ मिलिमीटरचा टंगस्टनचा जिग, वजन एक ग्रॅमसुद्धा नाही, त्याला एक वॅक्सी लावलेली (वॅक्सी म्हणजे पांढरी गुबगुबीत अळी, दुकानात डबीत मिळते). शेजारी फ्लॅशर चालू, म्हणजे पाण्याखालचं दाखवणारं सोनार यंत्र. फ्लॅशरवर जिगची एक बारीक रेघ स्थिर दिसते आणि मासा आला की दुसरी रेघ उगवते, आधी हिरवी, मग केशरी, बरोबर भोकाखाली आला की लाल. तर होत असं होतं की रेघ उगवायची, लाल व्हायची, जिगच्या दिशेने वर सरकायची, चार बोटं खाली येऊन थांबायची, आणि तिथेच दहा-पंधरा सेकंद थांबून परत खाली निघून जायची. पहिल्या शनिवारी मी वहीत टिपलं, चौदा मासे असे वर आले आणि दोनच लागले.

मासा येतच नसता तर म्हटलं असतं जागा चुकली. पण येतोय, जवळून बघतोय आणि नाही म्हणून परत जातोय, याचा अर्थ त्याला जवळून काहीतरी खटकतंय.

मी काय काय केलं ते सांगतो कारण बहुतेक जण हेच करतात. जिगचा रंग बदलला, सोनेरी, गुलाबी, मग अंधारात चमकणारा. वॅक्सीच्या जागी प्लास्टिकची शेपटी लावली. लाइन जाड दिसत असेल म्हणून त्याच ताकदीची फ्लोरोकार्बन लावली, ती तर थंडीत आणखी कडक झाली आणि स्प्रिंगसारखी वेटोळी घालून बसली. गाठ जिगच्या डोळ्यात (लाइन बांधायच्या कडीत) पुढे-मागे सरकवून बघितली, कारण आडवा जिग आडवाच लटकायला हवा, गाठ सरकली की तो कलतो. गाठीचा थोडा फरक पडला, पण लाल रेघ परत जायची ती जातच राहिली.

दुसऱ्या शनिवारी बाबा बरोबर होते. तासभर त्यांनी काही विचारलं नाही, नुसते भोकाकडे बघत बसले होते. मग म्हणाले, जिग वर घे जरा, अगदी पाण्याच्या तोंडाशी. मी दोन फुटांवर आणून धरला, तंबूत अंधार असल्यामुळे भोकातलं पाणी आतून हिरवट उजळलेलं असतं आणि वरच्या दोन-तीन फुटांतलं स्पष्ट दिसतं. दोघं गुडघ्यावर बसून वाकून बघायला लागलो. मी हात अजिबात हलवत नव्हतो. जिग फिरत होता. गरगर नाही, शांतपणे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, एक चक्कर, दुसरी, तिसरी, मी बावीसपर्यंत मोजलं, मग तो थांबला, क्षणभर थबकला आणि उलटा फिरायला लागला. वॅक्सीची शेपटी प्रत्येक चक्करीत बाहेर फेकली जात होती. जिवंत किडा असा कधी फिरत नाही. क्रॅपीचे डोळे मोठे असतात, तो खालून वर बघत येतो, आणि थंड पाण्यात त्याला घाई नसते, त्यामुळे असा फिरणारा घास बघायला त्याच्याकडे भरपूर वेळ होता.

बाबा म्हणाले, तंगूसाला पीळ पडलाय. होडीवर असताना असं झालं की ते गरी सोडून टाकायचे आणि नुसती तंगूस होडीच्या मागे लांबवर पाण्यात सोडायचे, पाच मिनिटांत पीळ आपोआप सुटतो कारण टोक मोकळं असतं. इथे होडी नाही, बर्फ आहे. मग आम्ही जिग कापून टाकला, मी टोक धरून बर्फावर तीसेक पावलं चालत गेलो, लाइन सरळ पसरली, टोक सोडलं आणि बाबांनी दोन बोटांच्या चिमटीतून हळूहळू गुंडाळून घेतली. परत तोच जिग, तोच रंग, तेच भोक. जिग स्थिर. पुढच्या अर्ध्या तासात पाच मासे वर आले, तीन लागले. आणि मग हळूहळू परत फिरायला लागला.

हे माझ्या दृष्टीने निदान होतं. बाकी काहीच बदललेलं नव्हतं, फक्त पीळ काढला होता, मासे घ्यायला लागले, पीळ परत आला, मासे थांबले.

मग प्रश्न असा की पीळ येतो कुठून. रात्री घरी बसून हिशोब केला. स्पिनिंग रीलचं स्पूल (लाइन ज्यावर गुंडाळलेली असते ते) स्थिर असतं, ते फिरत नाही, त्याच्याभोवती बेल (तारेची कमान) फिरते आणि लाइन गुंडाळते. खाली सोडताना वेटोळी स्पूलच्या तोंडावरून एकेक निसटतात. माझ्या स्पूलचा व्यास साधारण ३.२ सेंटिमीटर, म्हणजे एक वेटोळं १० सेंटिमीटरचं. २५ फूट म्हणजे साडेसात मीटर, म्हणजे पंच्याहत्तर वेटोळी, आणि प्रत्येक निसटलेल्या वेटोळ्यामागे लाइनला एक पीळ. वर घेताना बेल तितकेच पीळ उलट्या दिशेने घालते, म्हणजे कागदावर बेरीज शून्य. पण मध्ये जिग आहे आणि तो मोकळा आहे. खाली असताना तो काही पीळ स्वतः फिरून सोडवून टाकतो, मग वर घेताना आलेले उलटे पीळ फेडायला कोणी उरत नाही, आणि हे दिवसात पन्नास वेळा होतं. त्यात ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की लाइन सुटू देणारा रीलचा ब्रेक. २ पाउंडाच्या लाइनला ड्रॅग सैलच ठेवावा लागतो, मासा ओढत असताना ड्रॅग सरकतोय आणि आपण हँडल फिरवतोय असं झालं की लाइन आत येत नाही पण बेल फिरतच असते, माझ्या रीलला हँडलच्या एका फेरीमागे बेलच्या पाचच्या वर फेऱ्या, म्हणजे तितके पीळ फुकटचे.

आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं की स्पिनिंग रील यात वाईट नाही, ते वेगळ्याच कामासाठी बनलेलं आहे. स्थिर स्पूलच्या रीलचं पेटंट १९०५ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थने घेतलं, तो कापडगिरणीवाला माणूस, गिरणीत बॉबिनच्या टोकावरून सूत सरसर निसटताना त्याने रोज पाहिलेलं. स्पूल फिरवायला लागत नाही म्हणून हलकं आमिष लांब फेकता येतं, हा त्याचा सगळा फायदा. पण बर्फावर आपण फेकतच नाही! म्हणजे फायदा शून्य आणि पीळ तेवढा पदरात.

इनलाइन रील उलटं आहे. यात स्पूल स्वतः फिरतं आणि लाइन रॉडच्या कड्यांच्या रेषेत सरळ जाते, मध्ये काटकोनात वळण नाही. फ्लाय फिशिंगचं रील याच जातीचं. दुकानातून एक आणून मी जेवणाच्या टेबलावर ठेवलं तर बाबांनी हातात घेऊन अंगठ्याने स्पूल फिरवलं आणि म्हणाले, अरे ही तर फिरकी. खरंच आहे. पतंगाची फिरकी दोन्ही हातात धरली की ती फिरते आणि मांजा सरळ जातो, पीळ पडत नाही. तीच फिरकी उभी धरून टोकावरून मांजा ओढला तर वाट लागते. "आता पीळ खंयसून येतलो?" असं म्हणून त्यांनी रील खाली ठेवलं.

निवडताना मी काय बघितलं ते सांगतो. किमती साधारण ३० ते १०० डॉलर, आणि बेअरिंगच्या आकड्यांवर फार जाऊ नका, त्याने पीळ कमी-जास्त होत नाही. मी आधी गिअर बघितला. जुन्या पद्धतीची इनलाइन एकास एक असतात (हँडलची एक फेरी, स्पूलची एक), ६ सेंटिमीटर व्यासाचं स्पूल धरलं तर एका फेरीत १९ सेंटिमीटर लाइन येते, २५ फुटांसाठी चाळीस फेऱ्या, आणि तेवढ्यात २ पाउंडाच्या लाइनवरचा क्रॅपी ढिलाई मिळाली की सुटतो, त्याचं तोंड कागदासारखं पातळ असतं. हल्लीची बरीच रीलं अडीच-तीनास एक असतात, त्यात एका फेरीत अर्धा मीटर येतो, म्हणजे माझ्या स्पिनिंग रीलएवढाच. इनलाइन हळू असतं ही तक्रार जुन्या रीलच्या बाबतीत खरी, नव्याच्या नाही, निदान ३० फुटांपर्यंत तरी नाही. दुसरं, स्पूलचा व्यास मोठा हवा. मोनो थंडीत ज्या गोलात बसली असेल तोच गोल धरून ठेवते, छोट्या स्पूलवर छोटी घट्ट स्प्रिंग, मोठ्या स्पूलवर सैल वळण, आणि एक ग्रॅमच्या जिगमध्ये ती स्प्रिंग सरळ करायची ताकद नसते. तिसरं म्हणजे डावं-उजवं. स्पिनिंग रीलचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला बसवता येतं, इनलाइनमध्ये बहुतेक वेळा डाव्या हाताचं आणि उजव्या हाताचं मॉडेलच वेगळं असतं, डबा नीट वाचून घ्या. आणि हँडलची मूठ हातमोजा घालून धरून बघा, दुकानात हात उघडा असतो तेव्हा सगळंच सोपं वाटतं.

एक गोष्ट मी बघायला हवी होती आणि बघितली नाही, ती म्हणजे स्पूल आणि फ्रेम यांच्यामधली फट. त्याबद्दल खाली येतो.

तर रील आणलं, लाइन भरली, रविवारी गेलो. जिग सोडला, दोन फुटांवर धरून बघितला. फिरतोय. तसाच, संथपणे, पंधरा-सोळा चकरा आणि मग उलटा. मला खरंच रडू यायचं बाकी राहिलं होतं. उणे १८ डिग्री, नवं रील, नवी लाइन, आणि प्रकार तोच. मी बाबांना म्हटलं हे परत करून टाकू. ते काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, लाइन भरलीस कशी? मी दाखवलं. नव्या लाइनची प्लास्टिकची रीळ मी जमिनीवर आडवी ठेवली होती, टोक इनलाइनच्या स्पूलला बांधलं आणि हँडल फिरवत गेलो, खालची रीळ तशीच पडून होती आणि लाइन तिच्या तोंडावरून वेटोळी-वेटोळी निसटत वर येत होती. बाबा म्हणाले, मग ही फिरली कुठे? फिरकी एकीकडेच आहे, दुसरीकडे तू बॉबिन केलीस. बरोबर आहे, म्हणजे मी स्पिनिंग रीलचा पीळ घरीच, गालिच्यावर बसून, चाळीस मीटर लाइनमध्ये भरला होता आणि तो पीळ इनलाइनवर छान जपून ठेवला होता, कारण इनलाइन पीळ घालत नाही तसा काढतही नाही!

यासाठी मी हे सगळं लिहितोय. इनलाइन घेऊन "काही फरक पडला नाही" म्हणून परत करणारे लोक मला त्यानंतर दोघं-तिघं भेटले, आणि विचारल्यावर प्रत्येकाने लाइन अशीच भरलेली होती. रील चांगलं की वाईट हा प्रश्न तोपर्यंत येतच नाही.

मग ती सगळी लाइन काढून टाकली. नवी रीळ घेतली, तिच्या भोकातून पेन्सिल घातली, बाबांनी पेन्सिलची दोन टोकं दोन हातात धरली आणि दोन्ही अंगठे रिळीच्या कडांना हलके टेकवले, ब्रेकसारखे, म्हणजे लाइन ताणलेली राहावी. मी हँडल फिरवत गेलो. दोन्हीकडे फिरकी. बाबा म्हणाले लहानपणी तू पतंग उडवायचास आणि मी फिरकी धरायचो, आता परत मीच धरलीय. पाच मिनिटांचं काम होतं. आधी खाली थोडी जुनी जाड लाइन भरून स्पूल फुगवून घेतलं होतं, म्हणजे वरची वेटोळी मोठी राहतात आणि गतीही मिळते, आणि स्पूल काठोकाठ न भरता तीनेक मिलिमीटर कड मोकळी ठेवली.

पुढच्या शनिवारी जिग खाली सोडला, दोन फुटांवर थांबवला. वॅक्सीची शेपटी एका दिशेला. मिनिटभर बघितलं, तिथेच. थोडा डुलला, अर्धी चक्कर, परत जागेवर.

मला फक्त एका दिवसावर विश्वास ठेवायचा नव्हता, कारण मासे एखाद दिवशी उगाचच खूश असतात. म्हणून एकाच तंबूत दोन भोकं, एकावर स्पिनिंग, एकावर इनलाइन, लाइन तीच, जिग तोच, आणि दर अर्ध्या तासाला बाबा आणि मी जागा बदलायचो, म्हणजे भोकाचा आणि हाताचा फरक निघून जावा. साडेतीन ते साडेपाच, क्रॅपीची खरी वेळ. इनलाइनवर अकरा मासे वर आले, सहा लागले. स्पिनिंगवर नऊ आले, दोन लागले, आणि ते दोन्ही पहिल्या अर्ध्या तासात, लाइन ताजी होती तेव्हा. आकडे छोटे आहेत हे मान्य, पण मला जे फ्लॅशरवर दिसलं ते आकड्यापेक्षा जास्त पटलं. इनलाइनवर लाल रेघ वर यायची आणि थांबायचीच नाही, सरळ जिगच्या रेघेत मिसळायची.

आता त्रास. पहिला फ्रीफॉलचा. रीलला एक ट्रिगर असतो, तो दाबला की स्पूल मोकळं आणि जिग आपल्या वजनाने खाली. एक ग्रॅमचा जिग उघड्यावर, कडाक्याच्या थंडीत, ग्रीस घट्ट झाल्यावर स्पूलला फिरवूच शकत नाही, हाताने ओढून लाइन सोडावी लागते, तंबूत ऊब असेल तर मात्र छान जातो. उलट जड जिग लावला तर तो थांबल्यावरही स्पूल फिरत राहतं आणि लाइन सैल वेटोळ्यांत सुटते. तिथे अंगठा लागतो, स्पूलच्या कडेला जेमतेम टेकवलेला, आणि हे हाताला यायला मला दोन दिवस लागले. बाबांना एक मिनिटही लागलं नाही.

दुसरा त्रास त्या फटीचा. अशीच सैल सुटलेली लाइन स्पूल आणि फ्रेम यांच्या मधून मागे गेली, मला दिसलं नाही, आणि नेमका मोठा क्रॅपी लागला तेव्हा हँडल दोन फेऱ्यांत जाम. बाबांनी लाइन हातात घेतली, हात-हात करत वर ओढला, मासा भोकात आला आणि मी रीलशी झगडत बसलो. २ पाउंडाची लाइन केसासारखी असते, नखाएवढ्या फटीची तिला गरजच नाही. आता दुकानात गेलो की खिशात २ पाउंडाचा वीतभर तुकडा घेऊन जातो आणि फटीत सरकवून बघतो, सहज आत गेला तर ते रील परत शेल्फवर.

तिसरं म्हणजे पाणी. लाइनबरोबर थेंब वर येतात, स्पूलवर बसतात आणि गोठतात. रील तंबूबाहेर ठेवायचं नाही, घरी आल्यावर उघडं ठेवून सुकवायचं, आणि कारखान्यातलं जाड ग्रीस काढून पातळ तेलाचा एखादा थेंब दिला की थंडीत ते मोकळं चालतं.

स्पिनिंग रील मी टाकून दिलेलं नाही. वॉलाय हा मोठा मासा गरवताना जिग जड असतो, ताण भरपूर असतो, तिथे जिगच्या दीड फूट वर छोटं स्विव्हल (दोन्ही टोकं वेगवेगळी फिरणारी कडी) बांधलं की पीळ तिथेच सुटतो आणि स्पिनिंगचा ड्रॅग इनलाइनपेक्षा कितीतरी मऊ चालतो. हेच स्विव्हल क्रॅपीच्या लाइनवर का नाही, असं मला एकाने विचारलं. लावून बघितलं, एक ग्रॅमच्या जिगमध्ये स्विव्हल फिरवायचीच ताकद नसते, शिवाय ते रॉडच्या टोकाच्या कड्यात अडकतं आणि गोठतं. म्हणून हलक्या जिगला इनलाइन, जड जिगला स्पिनिंग आणि स्विव्हल, असं माझं ठरलंय. राज्यात बर्फावर एका माणसाला दोन लाइन टाकायची मुभा आहे, त्यामुळे दोन्ही रॉड बरोबर असतात.

बाबा फेब्रुवारीत परत गेले. जाताना बॅग भरताना माझ्याकडे लाइनची रिकामी प्लास्टिकची रीळ मागितली, मी म्हटलं नवं रीलच घेऊन जा, तर नको म्हणाले. गेल्या आठवड्यात त्यांनी फोटो पाठवला, पडवीत लाकडाच्या फळीला एक लांब खिळा, खिळ्यावर ती रीळ बसवलेली, आणि तिच्यावरून तंगूस सरळ रेषेत तंगूस गुंडाळायच्या बाटलीकडे जातेय, आणि बाटली फिरवायला शेजारचा मुलगा बसवलाय.